आमची गाडी पिते

तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला डोंगरावर धूर दिसला की तो ताबडतोब अग्नीचे अनुमान करतो. हे उदाहरण आपल्याकडे शतकानुशतके चालत आले आहे आणि त्यात खोट काढण्याची माझी पात्रता नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. पण त्या जुन्या नैयायिकांचे एक बरे होते. ‘धूर आहे, सबब अग्नी आहे’ एवढे बोलून त्यांना घरी जेवायला जाता येत असे. धूर निळा की काळा, सकाळी येतो की चढावर येतो, वास ऑइलचा की पेट्रोलचा, आणि एकूण बिल किती होईल, असले प्रश्न त्यांना कोणी विचारत नसे. शिवाय तो डोंगर त्यांच्या नावावर आरटीओत नोंदलेला नसे. माझी गाडी माझ्या नावावर आहे. नंबर एमएच ३४, म्हणजे खास चंद्रपूरचा, आणि इंजिन तीन सिलिंडरचे. कंपनीचे नाव सांगत नाही. उगाच तिला बोल लागायचा. त्या बिचारीने ही गाडी विकून पंधरा-सोळा वर्षे झाली, आणि मी तर तिसरा मालक.

आता चंद्रपूरच्या माणसाने धुराविषयी बोलावे म्हणजे पंढरपूरकराने गर्दीविषयी बोलण्यासारखे आहे. गावाच्या उत्तरेला महाऔष्णिक वीज केंद्र, २९२० मेगावॉटचे. दक्षिणेला बल्लारपूरचा कागद कारखाना. घुग्घुसकडे गेलात तर कोळसा आणि सिमेंट. मध्ये गोंड राजांचा परकोट, त्याच्या चार वेशी, आणि त्या वेशींच्या आतबाहेर आम्ही, खोकत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची गुणपत्रिका काढली, तीत चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून सबंध देशात चौथा नंबर आला. एवढे गुण आमच्या घराण्यात आजवर कोणाला पडलेले नाहीत. फक्त ह्या परीक्षेत जास्त गुण पडणारा नापास असतो, एवढाच काय तो फरक.

अशा गावात एका चिमुकल्या गाडीच्या चिमुकल्या नळीतून चिमुकला धूर निघाला तर तो कोणाच्या डोळ्यांत भरणार? भरला तो शेजारच्या वनपालकाकांच्या. काका जंगल खात्यातून निवृत्त झालेले. ते नोकरीला लागले तेव्हा गडचिरोली जिल्हा जन्मालाही आलेला नव्हता (तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला), सगळे मिळून एकच चंद्रपूर होते. आलापल्ली, एटापल्ली, भामरागड अशी सारी उमर त्यांनी धूर बघण्यात काढली. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. तो धूर कोणता आणि वणव्याचा धूर कोणता, हे काका दोन कोसांवरून सांगत. ओला पाला, सुका बांबू, गवत, चूल, सगळ्यांचे धूर त्यांना नावानिशी ठाऊक. निवृत्तीनंतर ही विद्या वाया चालली होती. जानेवारीतल्या एका सकाळी ते कुंपणापाशी मंजन करीत उभे असताना मी गाडी सुरू केली.

“निळा आहे,” काका तोंडातला फेस सांभाळत म्हणाले.

“काय निळा?”

“धूर. पांढरा असता तर बोललो नसतो.”

एवढे बोलून ते चूळ भरायला आत गेले. इकडे माझी झोप उडाली.

पांढरा असता तर बोललो नसतो, ह्या वाक्यात किती शास्त्र भरले आहे हे मला पुढच्या पंधरा दिवसांत कळले. हिवाळ्याच्या सकाळी गाडीच्या नळीतून जी पांढरी वाफ निघते ती निव्वळ पाण्याची असते. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. (हे मी आमच्या सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग नळाला एक दिवसाआड पाणी येतं तेव्हा तुमची नळी लावा.”) गाडी तापली की ती वाफ दिसेनाशी होते. मात्र गाडी चांगली तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला, रेडिएटरमधले पाणी रोज कमी होत असले आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा राप धरला, तर हेड गॅस्केट गेले असे समजावे आणि रजेचा अर्ज लिहावा.

काळा धूर म्हणजे इंजिनला पेट्रोल जास्त आणि हवा कमी. भूक नसताना जेवल्याचा तो प्रकार. पूर्वीच्या गाड्यांना चोकची मूठ असे. ती ओढून ठेवली आणि ढकलायची राहिली की गाडी काळी फुंकत गावभर फिरे. आता मूठ गेली, पण एअर फिल्टर चोंदला किंवा इंजेक्टर गळू लागला की तोच प्रकार. डिझेलच्या ट्रकचे तर विचारूच नका. वजन पेलवेना झाले की ट्रक काळा धूर सोडतो, आणि आमच्याकडे ट्रकमध्ये बहुधा कोळसाच असल्यामुळे आतला माल आणि मागचा धूर ह्यांत रंगाची एकवाक्यता असते.

निळा मात्र ऑइलचा. इंजिनातल्या हलत्या भागांना वंगण म्हणून जे ऑइल खाली राहायचे, ते वर सिलिंडरमध्ये जाऊन पेट्रोलबरोबर जळते आहे, असा त्याचा अर्थ.

आमच्या पिढीला हा निळा धूर चटकन खटकत नाही, ह्याला एक कारण आहे. आम्ही वाढलो तेच निळ्या धुरात. वडिलांची स्कूटर टू-स्ट्रोक होती. तिच्या टाकीत पेट्रोलबरोबर ऑइल आपण स्वतःच घालायचे, पन्नासाला एक असे काहीसे प्रमाण. आणि पंपावरचा माणूस पितळी मापाने ते ओतताना वडील असे टक लावून बघत, की सोनाराच्या तराजूकडेही तेवढे कोणी बघत नसेल. ती स्कूटर निळा धूर सोडीत नसती तर काही तरी बिघडले असे आम्ही समजलो असतो. सकाळी साडेदहाला सगळे हापिसला निघाले की गल्लीत उदबत्त्या लावल्यासारखे होई. लहानपणी आपल्या बापाच्या अंगाला ज्या धुराचा वास येत होता तो आता बिघाडात मोडतो, हे मनाला पटायला वेळ लागतो.

असो. धूर निळा आहे ही वार्ता मी बँकेत सांगितली. सांगायला नको होती असे मी म्हणत नाही. सांगण्यासारखे दुसरे काही बँकेत नसते. हेडकॅशियर म्हणाले, “जाडं ऑइल घाला. आमच्या साडूनं घातलं, धूर गायब.” जाड ऑइल घातल्याने फटीतून ते जरा हळू झिरपते हे खरे, पण फट जिथल्या तिथे राहते. थकबाकीदाराला पुन्हा कर्ज देऊन जुने खाते नियमित दाखवण्यासारखे ते आहे, आणि हेडकॅशियरांची बरीच वर्षे कर्ज विभागात गेलेली आहेत. आमचा शिपाई म्हणाला, “साहेब, ऑइल जास्त तर नाई ना टाकलं?” हे मात्र अगदी मुद्द्याचे. दांडीच्या वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरले तर तेही वर उडून जळू शकते. मी दांडी पाहिली. जास्त नव्हते, कमीच होते. नागपूरच्या मेहुण्याने फोनवर निकाल दिला, “भाऊजी, विकून टाका.” हा मेहुणा लग्नात मिळालेल्या मिक्सरबद्दलही असेच बोलला होता. तो मिक्सर अजून चालतो.

मग गावातल्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या इसमाने बॉनेट न उघडता, हातातला चहाचा पेला खाली न ठेवता, गाडीच्या मागे दोन मिनिटे उभे राहून सांगितले, “इंजिन उतरवावं लागन. रिंगा गेल्या. बोअर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, सगळं मिळून पस्तीस.”

“पस्तीसशे?”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि उरलेला चहा प्यायला.

पस्तीस हजार रुपये ही रक्कम माझ्यापाशी नव्हती असे नाही. होती. ती मुदत ठेवीत होती, जूनमध्ये तिची मुदत संपायची होती, आणि संपली की तिने नागपूरला कन्येच्या होस्टेलात जायचे होते. एका पैशाला एकच काम लावता येते हे बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. शिवाय नेमके त्याच महिन्यात साहेबांनी मला सहा महिन्यांसाठी गडचिरोलीच्या शाखेत पाठवायचे ठरवले. चंद्रपूर, मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली, सुमारे ऐंशी किलोमीटर. सोमवारी पहाटे जायचे, शुक्रवारी रात्री यायचे. ह्या वाटेवर बरेच जंगल लागते, आणि त्या जंगलात वाघ आहे. ताडोब्याच्या फाटकात तिकीट काढूनच वाघाने भेटावे असा नियम त्याला कोणी वाचून दाखवलेला नाही. गाडी बंद पडली तर अंधारात उतरून बॉनेट उघडायचे, तेही पाठ जंगलाकडे करून. तेव्हा गाडीला नेमके झाले आहे तरी काय, हे कळणे मला अगत्याचे होते.

ज्याला यंत्र कळत नाही त्याने निदान हिशेब ठेवावा. मी एक वही घातली आणि तीत ‘ऑइल खाते’ उघडले. आरंभीची शिल्लक, दांडीच्या वरच्या खुणेइतकी. मोजण्याचा नियम एकच. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली, दांडी आधी पुसायची, मग पुन्हा बुडवून बघायची. चढावर उभ्या केलेल्या गाडीची दांडी आणि ३१ मार्चचा ताळेबंद, दोन्हींवर विश्वास ठेवू नये. नऊशे किलोमीटर झाले तेव्हा पातळी वरच्या खुणेपासून खालच्या खुणेवर आलेली होती. परत वर आणायला सुमारे एक लिटर लागले. काही कंपन्या हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागणे चालण्यासारखे मानतात, असे माझ्या वाचनात आले. त्याने माझे समाधान झाले. सौ.चे झाले नाही. ती म्हणाली, “दूधवाला महिन्याला लिटरभर कमी घालायला लागला तर चालण्यासारखं मानाल का?”

आता एक लिटर तूट आली की ती गेली कुठे हे शोधणे भाग. बँकेत शंभर रुपये जुळत नाहीत तोवर रात्री दहापर्यंत बसवतात, इथे तर चारशेचे ऑइल. तूट दोनच वाटांनी होते. ऑइल गळते, नाही तर जळते. पुठ्ठ्याचे खोके उलगडून दोन रात्री गाडीखाली पसरून ठेवले. सकाळी पुठ्ठा कोरडा. एका सकाळी त्यावर फक्त मांजर होते. म्हणजे बाहेर जात नव्हते. आतल्या आत जळत होते. तेवढ्यात पीयूसीची तारीख आली. त्या यंत्राची नळी आमच्या नळीत घातली, गाडी जागच्या जागी फुरफुरत ठेवली, आणि कागद हातात आला. पास. ते यंत्र धुराचा रंग पाहत नाही. पेट्रोलच्या गाडीत ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, आणि तेही गाडी उभी असताना, जेमतेम मिनिट-दोन मिनिटे. आमची गाडी तेवढा वेळ शहाण्यासारखी उभी राहिली. पाहुणे आल्यावर आमची मुले राहत, तशी.

ह्या काळात मी एका जुन्या पाण्याच्या बाटलीत लिटरभर ऑइल घेऊन प्रवास करीत असे. नवे ऑइल सोनेरी असते आणि बाटलीत फार देखणे दिसते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यासाठी तिथल्या गावांनी, विशेषतः बायकांनी, केवढे आंदोलन केले होते. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे वैनगंगेच्या अलीकडे ओले आणि पलीकडे कोरडे अशी सध्याची भूगोलाची स्थिती आहे. एका सोमवारी पहाटे, पुलापलीकडे, तपासणीच्या शिपायाने टॉर्च मारला आणि मागच्या सीटवरची ती सोनेरी बाटली झळकली.

“हे काय हाये जी?”

“ऑइल.”

“कोणासाठी?”

“गाडी पिते.”

त्याने बूच काढून वास घेतला. तोंड वेडेवाकडे केले. मग माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिले.

“किती पिते?”

“हजार किलोमीटरला एक लिटर.”

“पह्यलेपासून?”

“नाही. आता वयोमानानं लागली.”

त्याने बूच लावून बाटली परत दिली आणि गंभीरपणाने म्हणाला, “सोडवा साहेब. याच्यानं संसार बुडते.”

ही हकिकत वनपालकाकांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, “मूलला एक मिस्त्री आहे. आमच्या खात्याच्या जीपा तो बघायचा. शहरात विचारत फिरू नका, त्याला दाखवा.”

मिस्त्रींचे दुकान म्हणजे एक कडुनिंब, त्याला बांधलेली ताडपत्री आणि खाली पसरलेली पान्यांची आरास. वय सत्तरीच्या घरात, डोक्याला दुपट्टा. त्यांनी गाडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी आपला सुरू झालो, “धूर निळा आहे, दाट आहे, वास ऑइलचा आहे.” त्यांनी मध्येच हात वर केला.

“रंग राहू द्या जी. कवा येते?”

पंधरा दिवसांत सव्वीस माणसांनी मला सल्ला दिला होता. हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. धुराचा रंग फक्त काय जळते ते सांगतो. कुठून येऊन जळते, हे सांगते ती त्याची वेळ. गॅरेजवाल्या इसमाला रंग दिसला होता, वेळ विचारायला त्याला वेळ नव्हता.

“सकाळी सुरू करताना भपकन येतो,” मी म्हणालो.

“मंग?”

“मग बंद होतो.”

“चढावर? चार माणसं बसवून जोर देल्यावर?”

“नाही बहुतेक.”

“बहुतेक नाई चालत जी. चाला.”

त्यांनी मला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः मोटारसायकलवरून मागे येऊ लागले. केळझरच्या बाजूला निघालो. त्या रस्त्याने मी पुढे आणि मागे एक दुपट्टेवाला म्हातारा माझ्या नळीवर डोळे लावून, अशी आमची मिरवणूक चालली होती. चढावर त्यांनी खूण केली, दाबा. दाबली. काही नाही. पुढे रेल्वेचे फाटक लागले. फाटक बंद. कोळशाची मालगाडी यायची होती, आणि आमच्याकडची मालगाडी यायची असते म्हणजे ती येईपर्यंत माणसाला आपल्या आयुष्याचा विचार करता येतो. मी किल्ली फिरवायला गेलो तर मिस्त्री मागून ओरडले, “बंद नोका करू!” इंजिन दहा मिनिटे फुरफुरत राहिले. मालगाडी गेली, फाटक उघडले, मी पाय दाबला आणि आरशात पाहतो तो मिस्त्री दिसेनात. त्यांच्या जागी एक निळा ढग होता. तो ढग विरला तेव्हा त्यातून मिस्त्री प्रकटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, गुन्हेगार रंगेहाथ सापडल्यावर फौजदाराच्या चेहऱ्यावर जो दिसतो तो, आनंद होता. पुढे एका उतारावर त्यांनी पाय काढायला लावला, उताराच्या पायथ्याशी पुन्हा दाबायला सांगितले. पुन्हा भपका. मग स्वच्छ.

झाडाखाली परत आल्यावर त्यांनी मला सगळे समजावून दिले. त्यांचे बोलणे जसेच्या तसे लिहिले तर मुद्रकाला त्रास होईल, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. ऑइलला सिलिंडरमध्ये शिरायच्या मुख्य वाटा दोन. एक खालून, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने. रिंगा झिजल्या की जोर दिल्यावर, चढावर, धूर येतो आणि येतच राहतो, गाडीची ताकद जाते, आणि इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण उघडले तर आतून भकाभका वाफारा येतो. दुसरी वाट वरून, व्हॉल्व्हच्या दांडीवरून. त्या दांडीला रबराची एक टोपी असते, तिला सील म्हणतात. ती टोपी कडक झाली की ऑइल दांडीवरून थेंबथेंब खाली उतरते. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी तेवढे जळते. फाटकावर उभी राहिली की तेवढे साचते. उतारावर पाय काढला की आत ओढ बसते आणि जास्तच ओढले जाते. मग पाय दिला की सगळे एकदम भपकन.

“पण टोपी कडक होते कशानं?”

“मे महिन्यात चंद्रपुरात तुमी नाई कडक होत?”

पारा सत्तेचाळीस अंशांच्या वर जातो त्या गावात रबराने नरम राहावे ही अपेक्षाच मुळी चूक. “कुकरची रिंग कडक झाली म्हणून कोणी कुकर इकते का जी?” मिस्त्री म्हणाले. मेहुण्याला कळवायला म्हणून मी हे वाक्य तिथल्या तिथे वहीत टिपून घेतले.

तरीही ते नुसत्या मिरवणुकीवर विसंबले नाहीत. तिन्ही प्लग काढले. चांगला प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओली आणि तेलकट असेल तर ऑइल. आमचे दोन तेलकट, एक बिस्किट. मग प्लगच्या भोकात दाबमापक घड्याळ लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहिला. दोन सारखे, मधला किंचित कमी. मधल्यात त्यांनी चमचाभर ऑइल ओतून पुन्हा दाब घेतला. रिंगा झिजलेल्या असतील तर ते ऑइल फट बुजवते आणि दाब टुणकन वर जातो. इथे सुई जेमतेम हलली. रिंगा शाबूत. पस्तीस हजार शाबूत. होस्टेल शाबूत. मी तिथेच त्यांच्या पाया पडणार होतो, पण त्यांनी पुढे केलेला हात ऑइलने माखलेला होता आणि त्यात एअर फिल्टर होता.

“हे पाहा.”

फिल्टर त्यांनी मडगार्डवर आपटला. एवढी काळी भुकटी पडली की एक वेळचा चहा व्हावा. फिल्टरला भोक असते तर हीच भुकटी आत जाऊन सिलिंडरची भिंत घासत बसली असती आणि गॅरेजवाल्याचे भाकीत दोन-तीन वर्षांत खरे ठरले असते. भोक नव्हते. “गाडीले चंद्रपूरची हवा लागली जी,” मिस्त्री म्हणाले, आणि नवा फिल्टर आणायला पोराला पिटाळले. तोवर त्यांनी इंजिनातला वाफारा बाहेर ओढणारी नळीही साफ केली. तीही चोंदली की ऑइल भलत्या वाटेने वर चढते म्हणे. ही गोष्ट फुकटात होण्यासारखी असल्यामुळे शहरातल्या गॅरेजात तिचा उल्लेख झाला नव्हता.

सील बदलायला इंजिन उतरवायची गरज नसते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडण्याची भीती. त्यावर मोठ्या गॅरेजात प्लगच्या भोकातून हवेचा दाब देतात. मिस्त्रींकडे हवेचे यंत्र नव्हते. त्यांनी खिशातून सुताची जाड दोरी काढली, प्लगच्या भोकातून हातभर आत सारली आणि पिस्टन हाताने फिरवून वर आणला. दोरीचा आत गोळा झाला आणि त्याने व्हॉल्व्ह खालून उचलून धरला. मग एकेक स्प्रिंग दाबून काढायची, जुनी टोपी उपटायची, नवी बसवायची. जुनी टोपी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. नखाने दाबून पाहिली तर वाळलेल्या बोरासारखी टणक. एवढ्याशा बोरासाठी सारे इंजिन उतरवायला निघाले होते. संध्याकाळपर्यंत काम झाले. सील, फिल्टर, नवे ऑइल, मजुरी, सगळे मिळून तीन हजारांच्या आत. दोरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ती परत खिशात गेली.

पुढचे हजार किलोमीटर ‘ऑइल खाते’ चालू ठेवले. दांडीवर जेमतेम दोन रेघा उतरल्या. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, “उमरेच्या मानानं तेवढी चालते जी.” वनपालकाका रोज सकाळी मंजन घेऊन कुंपणापाशी येतात, नळीकडे बघतात आणि काही न बोलता आत जातात. माझ्या गाडीने त्यांची एक करमणूक बंद केली ह्याबद्दल मला वाईट वाटते, पण त्यांना वीज केंद्राच्या चिमण्या आहेत.

मेहुण्याला कुकरचे वाक्य कळवले. त्याने उत्तर पाठवले, “कुकरही जुना झाला असेल तर विकून टाका.”

आणि परवा, पुलापलीकडे, तोच शिपाई, तोच टॉर्च. त्याने मागच्या सीटवर प्रकाश टाकला, सीटखाली टाकला, डिकी उघडायला लावली.

“आज बाटली नाई?”

“सोडली.”

“खरंच?”

“दोन महिने झाले. थेंब नाही.”

“कोणं सोडवली?”

“मूलच्या मिस्त्रींनी. एका दिवसात. दोरी घालून.”

त्याने टॉर्च विझवला, इकडे तिकडे पाहिले आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, “पत्ता द्या ना जी. आमच्या साळ्यासाठी पायजे.”